हाक आणि पाणी

१२ ऑगस्ट

ताई,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही, ते घाईत राहिलं असं समजू नकोस. लिहिलं होतं. मग ते पान फाडलं आणि नवीन घेतलं.

या जमान्यात पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू मला दोन वाक्यं पुरी करू देत नाहीस, तेवढ्यात तुझ्या दारात कोणीतरी येतं आणि 'नंतर बोलू' होतं. मेसेज केला तर तू अंगठा पाठवतेस. आई नीट जेवते का? अंगठा. तिच्या गुडघ्याचं काय झालं? अंगठा. आपल्या भाषेत अंगठा दाखवणं म्हणजे काय, ते तू इतकी वर्षं बाहेर राहून विसरली असशील, मी विसरलेले नाही. कागदाला अंगठा दाखवता येत नाही, म्हणून कागद.

बातमी अशी की मी युनिव्हर्सिटीत फ्रेंचच्या वर्गाला जायला लागले आहे. अगदी पहिली पायरी, नमस्कार-चमत्कारापासून. संध्याकाळी दुकान बंद करायचं, बोटांतला दोरा झटकायचा आणि जाऊन बाकावर बसायचं. हसायचं तर हस. मॅट्रिकला मी इंग्रजीत कशीबशी पास झाले ते तुला माहीतच आहे.

हौस म्हणून गेलेले नाही. गेल्या महिन्यात, तू आईला ठेवलंयस त्या तिकडच्या वृद्धांच्या संस्थेत मी स्वतः फोन केला. एका बाईने उचलला आणि फ्रेंचमध्ये काहीतरी विचारलं. मी आईचं नाव सांगितलं. तिने आणखी काहीतरी विचारलं. मी पुन्हा आईचं नाव सांगितलं. असं बराच वेळ चाललं आणि शेवटी तिने फोन ठेवला. माझ्या आईची चौकशी करायला मला तुझी सवड लागते, तुझा मूड लागतो, आणि सांगशील तेवढ्यावर समाधान मानावं लागतं. हे मी आता चालू देणार नाही.

तीन महिन्यांसाठी नेते म्हणाली होतीस. माझं पोटाचं ऑपरेशन झालेलं, मला धड उठून बसता येत नव्हतं, आणि तू उपकार केल्यासारखी आईची बॅग भरलीस. त्या बॅगेची चेन मीच बदलून दिली होती, पडल्या पडल्या. तीन महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाची दोन झाली. त्यातही तुझ्या घरी ती किती राहिली आणि संस्थेत किती, ते तुला ठाऊक.

वर्गात सगळी पोरं एकोणीस-वीस वर्षांची. माझ्या शेजारच्या मुलीच्या केसांना भलीमोठी क्लिप असते, तिला मी मनात क्लिपच म्हणते. मला ती 'काकू' म्हणते. मॅडम बऱ्या आहेत, पण भाषा लबाड आहे. ढीगभर अक्षरं लिहायची, दोन म्हणायची आणि उरलेली गिळायची. मॅडम म्हणतात, शब्दाच्या शेवटचं अक्षर दिसलं की बहुतेक वेळा ते म्हणायचंच नाही. मला लगेच तुझी आठवण झाली. तुझ्याही बोलण्यातलं शेवटचं नेहमी गिळलेलं असतं.

कळावे. लोभाचं नंतर बघू.


४ सप्टेंबर

ताई,

पत्राला मेसेजने उत्तर दिलंस. असो, या खेपेला निदान अक्षरं तरी आली.

तू लिहितेस, 'आम्ही आईला नोव्हेंबरअखेर दुसऱ्या मजल्यावर हलवायचं ठरवलं आहे.' हे तू असं लिहिलंस की जणू कपाटाची जागा बदलणार आहात. दुसरा मजला म्हणजे काय, ते तूच मला सांगितलं होतंस, आईला तिथे ठेवलंस तेव्हा. दाराला बाहेरून कुलूप. जेवण बिछान्यातच. बागेत नेत नाहीत, हॉलमध्ये बसवत नाहीत, कारण वरच्या कोणाला काही कळतच नाही. वर गेलेलं माणूस पुन्हा खाली येत नाही. तेव्हा तू म्हणाली होतीस, 'आपल्या आईवर ती वेळ यायची नाही.'

आता कारणं काय, तर नावानं हाक मारली तरी तिला कळत नाही. डॉक्टरांनी तपासलं, नर्सनी लिहून दिलं. दुसरं, ती सारखं पाणी मागते आणि रात्री बिछाना ओला करते. 'फ्रेंचमधला एवढा एकच शब्द तिने उचललाय, पाणी,' असं लिहून पुढे तू एक हसरा चेहरा टाकलायस. तो चेहरा बघून माझ्या हातातली कात्री कापडाऐवजी टेबलावर चालली.

आई आणि पाणी मागते? आपण दोघी पेला घेऊन तिच्या मागे फिरायचो, ते कुठे गेलं? डॉक्टरांनी खडसावलं तेव्हा आपल्या देखत घोटभर प्यायची आणि आपली पाठ वळली की उरलेलं कुंडीत ओतायची. ती कुंडी सगळ्यांत हिरवीगार असायची. माणूस म्हातारपणी बदलतं म्हणशील. बदलत असेल. माझा विश्वास बसत नाही, एवढं लिहून ठेवते.

आणि हे 'आम्ही' कोण? तू, तुझा नवरा आणि ती संस्था? त्यात मी नाही हे उघड आहे. मी असते तर तू 'आपण' लिहिलं असतंस. 'आपण आईचं काय करायचं' असं तू मला विचारलं असतंस, आणि मी तुला उत्तर दिलं असतं.

गंमत म्हणजे परवा वर्गात हेच निघालं. फ्रेंचमध्ये 'नू' असतं. मी हात वर केला आणि विचारलं, मॅडम, 'नू' म्हणजे आम्ही की आपण? त्या म्हणाल्या, दोन्ही. मी म्हटलं, मग समोरच्याला कळणार कसं की त्याला धरलंय की वगळलंय? पोरं हसली. मॅडम हसल्या नाहीत. थोडा विचार करून म्हणाल्या, 'नाही कळत. विचारावं लागतं.'

तर मी विचारते आहे. तुझ्याकडे तर दोन्ही शब्द होते आणि तू नेमका तोच निवडलास. का?


२१ सप्टेंबर

ताई,

उत्तर नाही, पण रविवारी व्हिडिओ लावलास. उपकार झाले.

आईच्या अंगात होता तो स्वेटर तिचा नाही. खांद्याची शिवण दंडावर उतरली होती. बटणं एक घर चुकवून लावलेली. दिवसभर लोकांच्या बाह्या आत घेणारी बाई मी, माझ्याच आईच्या अंगावरचं मला फोनच्या काचेतून सरळ करता येईना. हे तुझ्या डोळ्यांना दिसलं नाही का? की दिसून तू तसंच राहू दिलंस?

मी 'आई' म्हटलं, 'आई गं' म्हटलं, 'ए आई, इकडे बघ' म्हटलं. ती खिडकीकडे बघत राहिली. तू म्हणालीस, 'बघितलंस ना? हे असंच असतं.' तुझ्या आवाजात समाधान होतं, असं मला वाटलं. नसेल तर मला तसं लिही.

मागून एक नर्स ट्रॉली ढकलत आली आणि तिने आईला नावानं हाक मारली. नुसतं नाव. पुढे काही नाही, मागे काही नाही, वर्गातल्या पोरीला मारावी तशी. त्याच क्षणी तू कॅमेरा फिरवलास आणि म्हणालीस, 'चल, आता पाणी मागतेय, ठेवते.' आणि ठेवलास.

माझं डोकं फिरलं आहे ते त्या हाकेने. तिच्या नातीच्या वयाच्या पोरी तिला एकेरी नावानं हाका मारतात आणि तू ते चालवून घेतेस. बाबांनी जन्मभर 'अगं' म्हटलं, शेजाऱ्यांनी काकू म्हटलं, आपण आई म्हटलं. नावानं हाक मारणारा सगळ्या जगात एक मामा होता. जिन्याखालून ओरडायचा, तिसऱ्या घरापर्यंत ऐकू जायचं, आणि ही हातातलं टाकून पोरीसारखी धावायची. मामा गेल्यावर ते नाव फक्त रेशनकार्डावर राहिलं. त्या लोकांना सांग की मॅडम म्हणा, काहीही म्हणा, पण असं नका करू. की हेही 'आम्ही' ठरवलंय?

वर्गात आता 'माझं कुटुंब' चालू आहे. प्रत्येकाने उभं राहून घरच्यांबद्दल पाच वाक्यं बोलायची. मी चार बोलले. मला एक बहीण आहे, इथपर्यंत आले आणि पुढे काय विशेषण लावावं ते सुचेना. मॅडम म्हणाल्या, 'चांगली, मोठी, उंच, काहीही चालेल.' मी 'उंच' म्हणून बसले.


१५ ऑक्टोबर

ताई,

हे पत्र उभ्या उभ्या वाचू नकोस. नवऱ्याला बाहेर पाठव, दार लावून घे आणि बस.

आज वर्गात हॉटेलात जाऊन काय आणि कसं मागायचं, तो धडा होता. क्लिप वेटर झाली होती. मॅडमनी फळ्यावर पाण्याचा शब्द लिहिला. ई, ए, यू. तीन अक्षरं. मी विचारलं, याचा उच्चार काय? त्या म्हणाल्या, 'ओ.' मी म्हटलं, अहो, यात ओ कुठेच नाही. त्या म्हणाल्या, 'नसू दे. म्हणायचं फक्त ओ.'

तुला कळलं असेल आता. मला तेव्हाही कळलं नव्हतं. मी वहीत लिहून घेतलं, पाणी म्हणजे ओ, आणि मान खाली घालून पुढचं लिहायला लागले.

मग क्लिपला चेष्टा सुचली. तिने मागच्या बाकावरच्या एका मुलाला नावानं हाक मारली. तो खिडकीबाहेर बघत होता, तो आपला सवयीने म्हणाला, 'ओ.' तिने लगेच पाण्याची बाटली त्याच्यापुढे धरली, 'घ्या साहेब, पाणी.' वर्ग खदखदून हसला. मग सगळ्यांनाच ते वेड लागलं. कोणीतरी कोणाचं तरी नाव घ्यायचं, त्याने ओ द्यायची, की बाटली त्याच्या हातात. हाक, ओ, पाणी. हाक, ओ, पाणी. मॅडमसुद्धा हसत होत्या. ती बाटली फिरत फिरत माझ्यापाशी आली. मला ती धरता आली नाही. खाली पडली आणि सगळ्या वह्या भिजल्या.

मामाने जिन्याखालून हाक मारली की आई काय म्हणायची, ताई? सांग ना. तुला फ्रेंच येतं, तुला सगळं येतं, एवढं सांग.

तिला हाक कळते. तिला तिचं नाव कळतं. त्या पोरी दिवसातून कितीदा तिला नावानं बोलावत असतील, आणि ती दर वेळी, इमानेइतबारे, ओ देते. आणि त्या तिच्या तोंडाला पेला लावतात. आयुष्यभर पाणी म्हटलं की तोंड वाकडं करणारी बाई, नको कसं म्हणायचं ते माहीत नाही, म्हणून पिते. रात्री बिछाना ओला होतो. मग तुम्ही कागदावर लिहिता की हिला नाव कळत नाही, ही पाणी पाणी करते, हिला वर न्या. शहाण्या डॉक्टरांनी तपासलं म्हणे. डॉक्टर तिला नावानं हाक मारतो, ती ओ देते, आणि डॉक्टर लिहितो की प्रतिसाद नाही, तहान फार.

डॉक्टरवर माझा राग नाही. नर्सवर नाही. त्यांना कुठून कळणार? तुझ्यावर आहे. ती ओ तुझ्या कानांवर पडली. रविवारी, माझ्यासमोर पडली, आणि तू म्हणालीस, पाणी मागतेय. मला ती परकी भाषा शिकावी लागली तेव्हा हे उमगलं. तुला दोन्ही येत होत्या. आपल्या आईच्या तोंडून तू परक्याचा शब्द ऐकलास आणि आपला ऐकला नाहीस.

हे वाचल्या वाचल्या त्यांना सांग. मला मेसेज कर. आणि अंगठा पाठवलास तर मी तुझं तोंड बघणार नाही.


२९ ऑक्टोबर

ताई,

तू फोन केलास आणि आपण दोघी ओरडलो. दुकानातलं गिऱ्हाईक पँट तशीच ठेवून निघून गेलं. त्यामुळे जे बोलणं झालं ते शांतपणे पुन्हा लिहून ठेवते, म्हणजे नंतर तुला 'मी असं म्हणालेच नव्हते' म्हणता येणार नाही.

आधी तू म्हणालीस, तीन महिने वर्गात बसून मला फ्रेंच शिकवू नकोस. मग म्हणालीस, ओ म्हटलं म्हणजे माणूस ओळखतं असं नाही, ती जुनी सवय असेल. मग म्हणालीस, कागद गेलेत, वरची खोली ठरली आहे, आता मागे घेणं बरं दिसत नाही. मी विचारलं, कोणाला बरं दिसत नाही?  तेव्हा तू एकदम हळू आवाजात म्हणालीस, 'मी त्यांना काय सांगू? की इतके महिने माझ्याच लक्षात आलं नाही?'

तेवढं एकच वाक्य तू शेवटपर्यंत बोललीस, काही गिळलं नाहीस. माझा राग क्षणभर हलला, हेही लिहिते. पण क्षणभरच. कारण त्याचा अर्थ असा होतो की तुझी लाज झाकायला आईने कुलपाआड जायचं. ते मी होऊ देणार नाही. तू सांगणार नसशील तर मी सांगते.

मॅडमना मी सगळं सांगितलं.  वर्ग सुटल्यावर त्यांनी मला बसवून घेतलं आणि सोपी सोपी वाक्यं बांधून दिली. म्हणाल्या, व्याकरण गेलं खड्ड्यात, चुकलात तरी चालेल, पण फोन ठेवू नका. 'ओ देणं' हे फ्रेंचमध्ये कसं सांगायचं, यावर मात्र आमचं अडलं. हो नाही, काय नाही, कोण आहे नाही. शेवटी त्यांनी सुचवलं, 'झ स्वी ला.' मी इथे आहे. मला पटलं. मी दिवसभर मशीनवर पाय मारता मारता तेच म्हणते. काल एका बाईंनी विचारलं, बरं वाटत नाही का तुम्हाला? मी म्हटलं, मी इथे आहे.


७ नोव्हेंबर

ताई,

आज दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि संस्थेत फोन लावला.

मी त्यांना सांगितलं, मी तिची मुलगी आहे, दुसरी. ऑफिसच्या बाईने भराभर काहीतरी सांगितलं. मी म्हटलं, हळू, कृपा करून. तिने पुन्हा सांगितलं. मी पुन्हा म्हटलं, हळू. मग तिने कंटाळून मला आईच्या मजल्यावर जोडून दिलं. नर्सच्या आवाजावरून वाटलं की ही तीच, ट्रॉलीवाली.

मी माझी वाक्यं एकापाठोपाठ एक ठेवली. माझी आई ओ म्हणते. ते पाणी नाही. पाणी नाही. तुम्ही तिचं नाव म्हणता, ती म्हणते, झ स्वी ला.  मला वाटलं, तिने फोन ठेवला. मी पुन्हा म्हटलं, तुम्ही नाव, ती ओ, ओ म्हणजे मी इथे आहे, आमच्या भाषेत. घामाने फोन हातातून सटकत होता. मग ती म्हणाली, 'आतांदे.' थांबा. तो शब्द नुकताच झाला होता.

ती फोन हातात घेऊनच चालत गेली. पावलं ऐकू आली, दार ऐकू आलं. तिने आईला हाक मारली, नावाच्या शेवटावर जोर देऊन, आपल्याकडे कोणी म्हणणार नाही तसं.

'ओ.'

मी ऐकलं, ताई. बारीक आवाज, पण तोच. मग पाणी ओतल्याचा आवाज आला, सवयीने ओतलं असणार, आणि मध्येच थांबला. ती नर्स खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेली असावी, कारण पुढची हाक लांबून आली. 'ओ.' मग तिसऱ्या ठिकाणाहून. 'ओ.' नंतर ती दुसऱ्या कोणाशी तरी घाईघाईने बोलायला लागली. मला त्यातलं फक्त 'एल ए ला' कळलं. ती इथे आहे.

मग तिने फोन आईच्या कानाला लावून दिला. मला श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, आई. काही नाही. आई गं, मी आहे. काही नाही. तू म्हणतेस तसंच, खिडकीकडे बघत असणार. मग मी ते केलं जे जन्मात कधी केलं नव्हतं. जिन्याखालून मामा ओरडायचा तसं, भर दुकानात, सगळा गळा लावून आईला नावानं हाक मारली. बाहेर फुटपाथवरची माणसं वाकून शटरखालून बघायला लागली.

तिने ओ दिली नाही.  आणि मग आपण शाळेतून उशिरा आल्यावर यायचा त्या आवाजात, सरळ, ठणठणीत:

'कोण गं ती? आईला नावानं हाक मारतेस? लाज नाही वाटत?'

मी खाली बसले, चिंध्यांच्या ढिगावर. मला रडू येत होतं आणि मी म्हणत होते, चुकलं, आई, चुकलं. ती आणखी थोडं बोलली. ताईचं वळण लागलंय तुला, असंही म्हणाली. मग तिचं लक्ष उडालं आणि पुन्हा नुसता श्वास राहिला. नर्सने फोन घेतला आणि मला काहीतरी विचारलं, फार हळू, शब्द सुटे सुटे करून. आई काय म्हणाली ते मला सांगता येईल का, असं विचारत होती. मला एवढंच सांगता आलं की आई रागावली आहे. नर्स हसली, आणि मग नाक ओढल्याचा आवाज आला.

तिने हे सगळं लिहून द्यायचं कबूल केलं आहे, निदान मला तसं समजलं. पण सही माझी चालत नाही, तुझी लागते. तेव्हा हे पत्र मिळालं की येत्या सोमवारी जा आणि वरच्या खोलीचा कागद मागे घे. लाज वाटली तर वाटू दे. तिथून पुढचं आपण ठरवू. शब्द नीट वाच, आपण.

पण त्याआधी रविवारी जा. तो स्वेटर बदल. 'आई' म्हणू नकोस. दारात उभी राहून तिला नावानं हाक मार, मोठ्यांदा. भरपूर बोलणी बसतील. माझी मी खाल्ली आहेत, तुझ्या वाटणीची तिथे राहिली आहेत.